जिभेवर उमटलेले दात

या वेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या कपड्यांत आली आहे: जेवण पचत नाही, अंगात त्राण नाही, आणि चिनी डॉक्टर म्हणतात ‘पी’ अशक्त आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते वाचलंत तर पुढची उत्तरं कळायला सोपी जातील.

प्रश्न : मी शेनझेनमध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या खरेदीचं काम बघतो. वय ४१. रात्रीचं जेवण अकराला होतं, दुपारी बर्फाचा दुधाळ चहा असतो. गेलं वर्षभर दुपारचं जेवण झालं की पोट ढोलासारखं फुगतं आणि डोळे मिटायला लागतात. शौचाला दिवसातून दोन-तीनदा, तेही धड नाही. कंपनीतल्या सहकाऱ्याने चिनी औषधांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटं धरली आणि ‘पी-छी-शू’ असं निदान केलं. मोबाइलवर भाषांतर पाहिलं तर ‘प्लीहेची ऊर्जा कमी’. घाबरून मी सोनोग्राफी केली. प्लीहा अगदी नॉर्मल! मग नक्की खोटं कोण बोलतंय, डॉक्टर की मशीन?

उत्तर : दोघंही खरं बोलताहेत. खोटं पडलंय ते भाषांतर.

सोनोग्राफीत दिसली ती आपली पाणथरी. डाव्या बरगड्यांखाली असते, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाची, जुन्या लाल पेशी गाळून काढते. अपघातात फुटली तर काढून टाकतात आणि माणूस जेवतोखातो. (संसर्गाची जास्त काळजी घ्यावी लागते, ते वेगळं.) तुमच्या चिनी डॉक्टरांना तिच्याबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. ‘पी’ म्हणजे त्यांच्या शास्त्रातलं एक खातं आहे. अन्नातलं सत्त्व काढायचं, ते वर उचलायचं, हातापायांच्या मांसापर्यंत पोचवायचं आणि पाणी शरीरात साचू द्यायचं नाही, ही त्या खात्याची कामं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या वैद्यकग्रंथात अवयवांना दरबारातली पदं वाटून दिली आहेत. हृदय राजा, फुप्फुस मंत्री, आणि जठर व पी मिळून धान्यकोठाराचे अधिकारी. मला मराठीत याचं सर्वांत जवळचं वर्णन आपल्या घरातल्या बोलण्यात सापडलं: ‘खाल्लेलं अंगी लागत नाही.’ खाल्लेलं अंगी लावणारी जी काही शक्ती, ती ‘पी’. हे कळायला मला चीनमध्ये दीड वर्ष लागलं होतं, आणि शब्द लहानपणापासून कानांवर होता.

‘पी’ला शरीरातली जागाच नव्हती असंही नाही. ‘नान जिंग’ नावाच्या ग्रंथात (ग्रंथ हं, त्या नावाचं शहर नव्हे) पीचं वजन, रुंदी, लांबी दिली आहे. तिला लागून अर्धा जिन (वजनाचं चिनी माप) ‘विखुरलेला मऊ लगदा’ असतो असंही लिहिलं आहे. काही अभ्यासकांना तो लगदा म्हणजे स्वादुपिंड वाटतं. पचनाशी स्वादुपिंडाचा संबंध आहेच, तेव्हा तर्क गमतीचा आहे. पण पुढे युरोपी भाषांतरकारांनी ‘पी’साठी प्लीहेचा शब्द नक्की केला आणि तोच चिकटला. रोमन लिपीत निदान पहिलं अक्षर मोठं काढून ‘हा तो अवयव नव्हे’ असं सुचवता येतं. मराठीत तीही सोय नाही.

उरला ‘छी’. नाक मुरडू नका, उच्चार खरंच तसा आहे. प्राणशक्ती म्हणा, जोम म्हणा. ‘शू’ म्हणजे रितेपणा. शिवाय ‘पीछी’ या शब्दाचा रोजच्या चिनी बोलण्यातला अर्थ आहे ‘स्वभाव’, ‘तापटपणा’. नानजिंगला चिनी वैद्यक शिकायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात एका आजींना ‘तुमची पीछी फार कमी पडते’ असं काहीसं मी माझ्या मोडक्या चिनीत म्हणाले. आजींच्या शेजारी बसलेल्या आजोबांनी हात जोडले. ‘कमी? घरी येऊन बघा.’

आता तुमच्या जिभेकडे वळू. डॉक्टरांनी ती कशासाठी पाहिली असेल ते सांगते. पी अशक्त असली की पाणी साचतं आणि जीभ किंचित सुजते, असं त्या शास्त्राचं म्हणणं. सुजलेली जीभ दातांवर टेकून राहते, म्हणून कडांना दातांचे ठसे उमटतात, करंजीच्या कडेला असते तशी मुरड. रंग फिका, वर पातळ पांढरा थर. मग मनगट. तीन बोटांपैकी मधलं बोट उजव्या मनगटावर जिथे टेकतं, ती पी आणि जठराची जागा. तिथली नाडी दाबली की विरते का, हे ते बघत होते. आणि मग प्रश्न: जेवल्यावर झोप येते का, हातपाय जड वाटतात का, शौच भांड्याला चिकटून राहतं का. हा शेवटचा प्रश्न आमचे सर प्रत्येकाला विचारायचे, अगदी सूट-टाय घातलेल्या बँकवाल्यालाही, आणि तोही विनासंकोच उत्तर द्यायचा.

तुम्ही जे लिहिलंय ते या वर्णनाशी तंतोतंत जुळतं, म्हणून डॉक्टरांचं निदान त्यांच्या चौकटीत बरोबर आहे. पण ते तुमच्या स्थितीचं वर्णन आहे. त्यामागचं कारण त्यातून कळत नाही. हा फरक मी स्वतःच्या अंगावर शिकले.

दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्ये मी तशीच झाले होते. त्या दिवसांत यांगत्झी नदीच्या खोऱ्यात ‘मेइयू’ म्हणजे आलुबुखाऱ्यासारखी फळं पिकतानाचा पाऊस पडतो. जूनच्या मध्यापासून साधारण महिनाभर वसतिगृहाच्या भिंतींना घाम फुटलेला, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी. पीला दमटपणाचा तिटकारा असतो, हे वाक्य पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे राहून जास्त पटतं. मी दिवसभर बर्फ घातलेला चहा प्यायचे, रात्री थंडगार कलिंगड. पोट फुगायचं आणि तिसऱ्या मजल्यावर चढताना दम लागायचा. सरांनी माझी जीभ सगळ्या वर्गाला दाखवली. दातांचे ठसे मोजून सांगता येतील इतके ठसठशीत. त्यांनी ‘चार सज्जनांचा काढा’ (चार सौम्य औषधांचा, नावाची गोष्ट पुढे येईल) लिहून दिला, वर थोडी छनपी, म्हणजे संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवून मुरवलेली साल. माझ्या वहीत अजून आहे: दांगशेन ही मुळी १५ ग्रॅम, बाइजू ही दुसरी मुळी १२, फूलिंग ही बुरशी १५, मधात परतलेलं ज्येष्ठमध ६, छनपी ६.

तीन आठवड्यांत पोट हलकं झालं. जेवणानंतरची गुंगी गेली. पण जिना होता तसाच. सरांनी ओठ पाहिले, खालची पापणी ओढून पाहिली आणि काढा बदलण्याऐवजी रक्त तपासायला पाठवलं. अहवालात हिमोग्लोबिनपुढे ८६ असा आकडा होता. मी क्षणभर हरखले. मग लक्षात आलं की चीनमध्ये तो लिटरमागे मोजतात, आपल्याकडे डेसिलिटरमागे. आपल्या भाषेत ८.६. माझ्यातलं लोह संपत आलं होतं. काढा चुकीचा नव्हता, पचन त्यानेच किंवा बर्फ सोडल्याने सुधारलं असेल. पण लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावरच मी तिसऱ्या मजल्यावर न थांबता पोचू लागले.

तेव्हा तुम्ही काय करायचं? आधी रक्त: हिमोग्लोबिन, लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन, थायरॉईड, साखर, बी-१२ आणि गव्हातल्या ग्लूटेनची ॲलर्जी म्हणतात त्या सीलिॲक आजाराची चाचणी (खरं तर ती ॲलर्जी नव्हे, पण लोक तेच नाव घेतात). वजन आपोआप घटत असेल, शौचात रक्त दिसत असेल, पोट दुखून रात्री जाग येत असेल, तर काढ्याच्या नादी न लागता थेट पोटाच्या तज्ज्ञांकडे जा. हे सगळं निर्धोक निघालं तर तुमच्या चिनी डॉक्टरांचं म्हणणं मनावर घ्या, कारण अशा वेळी आम्ही आधुनिक डॉक्टर ‘काही नाही हो, ताण आहे’ म्हणून हात झटकतो आणि त्यांच्याकडे निदान सांगण्यासारखं तरी असतं.

तुम्ही लिहिलंय की रात्रीचं जेवण अकराला होतं आणि दुपारी बर्फाचा दुधाळ चहा असतो. मी असते तर औषधाआधी या दोन गोष्टींना हात घातला असता. सकाळी सात ते नऊ ही जठराची आणि नऊ ते अकरा ही पीची वेळ मानतात. घड्याळाचं हे गणित मला कधी फारसं पटलं नाही, पण त्यातून निघणारा सल्ला चोख आहे: मोठं जेवण सकाळी, गरम आणि मऊ. तिथे तांदळाची किंवा बारीक पिवळ्या राळ्याची पातळ पेज सगळीकडे मिळते. तीत शानयाओ शिजवतात, आपल्या कोनफळाच्या कुळातला लांब काठीसारखा कंद. घरी सोलणार असाल तर हातमोजे घाला. मी एकदा तसाच सोलला आणि संध्याकाळपर्यंत मनगटं खाजवत बसले. दुपारचं जेवण झाल्यावर तुमच्या कंपनीत सगळे घडीच्या खाटा उघडून आडवे होत असतील. त्याआधी दहा मिनिटं चाला. चिनी म्हण आहे, जेवून शंभर पावलं चाला आणि नव्याण्णव वर्षं जगा. शतपावलीच ती, पावलांच्या आकड्यासकट.

प्रश्न : मी बीजिंगमध्ये पीएचडी करते. प्रबंध लिहिताना भूक मरते, पोटात गोळा बसल्यासारखं होतं. माझी चिनी मैत्रीण म्हणते, ‘अति विचाराने पी दुखावते.’ हे खरंच त्यांच्या वैद्यकात आहे की मला उगाच चिडवते?

उत्तर : आहे. ‘नेइजिंग’मध्ये प्रत्येक भावनेला एक अवयव दिला आहे. रागाला यकृत, भीतीला मूत्रपिंड, आणि एकच गोष्ट मनात घोळवत बसण्याला पी. तिथेच पुढे, फार वेळ बसल्याने मांसाची हानी होते असंही म्हटलंय, आणि मांस हेही पीच्याच अखत्यारीत येतं. म्हणजे प्रबंध लिहिणारी मुलगी दोन्ही बाजूंनी सापडली! आतडं आणि मेंदू एकमेकांशी सतत बोलत असतात, हे आता आधुनिक वैद्यकही मानतं, तेव्हा मैत्रिणीवर रागावू नकोस. ‘बादुआनजिन’ शिकवणारं कुणी विद्यापीठाच्या मैदानात सकाळी नक्की सापडेल. आठ हालचालींचा व्यायाम आहे. त्यातली तिसरी पी आणि जठरासाठीच: एक तळवा आभाळाकडे, दुसरा जमिनीकडे, बरगड्या ताणल्या जातील असा. आणि जेवताना लॅपटॉप मिटून ठेव.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करणारी वॉर्फरिन घेतात, रक्तदाबाचीही गोळी आहे. भूक नाही, फार थकतात. मी ग्वांगझोऊला असतो. इथल्या दुकानदाराने जिन्सेंग आणि ‘चार सज्जनां’च्या गोळ्या सुचवल्या, वनस्पतीच आहेत, अपाय नाही म्हणाला. घेऊन येऊ का?

उत्तर : नका आणू.

सुंग राजवटीच्या सरकारी औषधशाळेच्या सूत्रसंग्रहात हा काढा आहे. जिन्सेंग, बाइजू, पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग ही बुरशी आणि ज्येष्ठमध. चौघंही सौम्य प्रकृतीचे, कुणी आरडाओरडा करत नाही, म्हणून ‘सज्जन’. (आज जिन्सेंगच्या जागी बहुधा स्वस्त दांगशेन घालतात, माझ्या वहीत होती ती.) पण सज्जन माणूससुद्धा चुकीच्या घरात गेला की घोटाळा होतो. जिन्सेंगमुळे वॉर्फरिनचा परिणाम कमी होऊ शकतो. तुमच्या वडिलांच्या झडपेवर गुठळी धरणं ही साधी गोष्ट नाही. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. त्यांची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखीच घसरेल, आणि ते घसरलं की पहिलं काय होतं? थकवा. म्हणजे ज्यासाठी औषध आणलं तेच वाढणार.

‘वनस्पती आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्या दुकानदारावर माझा खास राग आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी जवळपास त्याच नावाची दुसरी मुळी गेली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं खराब केली. त्या मुळीचा तुमच्या गोळ्यांशी संबंध नाही, पण डबीवरचं नाव वाचून आतलं ओळखता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. ७४ व्या वर्षी नव्याने भूक गेली असेल तर ती का गेली हे आधी शोधायला हवं. हृदयाच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : मी इतिहासाची शिक्षिका. मला प्रकृतीची तक्रार नाही, कुतूहल आहे. पचनाला एवढं महत्त्व चिनी वैद्यकात कधी आलं?

उत्तर : असं पत्र वर्षातून एखादं येतं, म्हणून जागा उरलेली नसतानाही लिहिते.

‘पी’ जुनीच, पण तिला केंद्रस्थानी बसवलं वैद्य ली दोंगयुआन (११८० ते १२५१) यांनी. घर श्रीमंत होतं. आई आजारी पडली, अनेक वैद्य झाले, आणि तिला नेमकं काय झालं होतं हे कुणालाच न कळता ती गेली. मग पैसे मोजून ते नामांकित वैद्य झांग युआनसू यांचे शिष्य झाले. १२३२ मध्ये मंगोलांनी उत्तर चीनमधल्या जिन राजवटीच्या राजधानीला, म्हणजे आजच्या कायफंगला, वेढा घातला. वेढा उठला आणि मरण सुरू झालं. ली लिहितात की शहराला बारा दरवाजे, प्रत्येकातून रोज हजार ते दोन हजार प्रेतं बाहेर जात होती, आणि हे जवळजवळ तीन महिने चाललं. आकड्यांत काही फुगवटा असेल. काही अभ्यासकांना ती साथीच्या रोगाची लाट वाटते. पण लीना दिसलं ते असं: लोक आधी अर्धपोटी राहिले, भीतीने झोपले नाहीत, कष्टाने पिचले आणि वेढा उठल्यावर एकदम पोटभर जेवले. अंगात ताप होता, म्हणून वैद्यांनी बाहेरून थंडी भरल्याचं निदान केलं आणि घाम काढणारी, जुलाब करणारी औषधं दिली. रिकाम्या कोठाराची दारं फोडण्यातला प्रकार. तापाचं मूळ आतल्या थकव्यातही असू शकतं आणि मग औषध गोड, उबदार, उचलून धरणारं हवं, असा त्यांचा दावा होता. ‘बु जोंग यी छी थांग’ हा ह्वांगछी नावाच्या मुळीचा काढा त्यातूनच आला, आणि १२४९ मध्ये ‘पी आणि जठर यांवरचा प्रबंध’. आज जपानमध्ये तोच काढा ‘होचूएक्कितो’ नावाने आधुनिक डॉक्टर लिहून देतात आणि सरकारी विम्यात बसतो.

एकदम पोटभर जेवल्याने उपाशी माणूस दगावतो हे दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्यांच्या बाबतीतही दिसलं. त्याला आता ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. कायफंगमध्ये तेच झालं असं मी म्हणणार नाही, पण तो परिच्छेद वाचताना मला दर वेळी तेच आठवतं.

प्रश्न : पायावरचा ‘झूसान्ली’ बिंदू दाबल्याने पचन सुधारतं म्हणतात. जागा कशी शोधायची?

उत्तर : गुडघा वाकवून बसा. वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा लागतो. तिथून खाली स्वतःचीच चार बोटं आडवी ठेवा आणि नडगीच्या हाडाच्या धारेपासून एक बोट बाहेर सरका. तुमचीच बोटं हवीत, नवऱ्याची नकोत, कारण मापं ज्याच्या त्याच्या शरीराची. बरोबर जागी अंगठा दाबला की बोथट, जड, थोडी आंबट म्हणावी अशी कळ उमटते. चिनीत तिला खरोखरच ‘आंबट’ म्हणतात. दोन-तीन मिनिटं, दोन्ही पाय. अपाय काही नाही, फायदा झाला तर झाला. दवण्याच्या कुळातल्या पाल्याची कांडी पेटवून शेक देतात तो मात्र घरी करू नका. मधुमेहाने पाय बधिर असतील तर मुळीच नाही, चटका बसलेला कळत नाही.

आणि पहिल्या पत्रातल्या गृहस्थांसाठी राहिलेलं एक: पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना सकाळी जीभ खरवडू नका, कॉफीही पिऊ नका. थर निघून गेला की ते फक्त तुमचा टूथब्रश वाचतात.